खळ्याची हरकत आणि आमचा मंद कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो हे आई भातावरून सांगायची. मी बटण दाबलं की ती आधण ठेवायची. तांदूळ वैरले, भात शिजला, वाफ जिरली, की आतल्या खोलीत पडदा उजळायचा. त्यानंतर पत्रकाची फाईल उघडेपर्यंत कालवणाला फोडणी बसायची. आम्ही कॉम्प्युटरवर काय काय लिहिलं हे तिनं कधी वाचलं नाही, पण आमच्या घरात कुणी कधी उपाशी निजलं नाही याचं थोडं श्रेय त्या यंत्राला द्यायला तिची हरकत नव्हती.

मी मात्र हा उशीर कधी साधा उशीर मानला नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली: जेटीवर, डिझेलवर, मोठ्या बोटींच्या घुसखोरीवर, एकदा तर पत्रकं वाचली जात नाहीत यावरही. वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. पान उलटलं की मागे ‘जागे व्हा!’ असायचं. त्यामुळे मला उद्गारचिन्ह आधी आलं आणि पूर्णविराम बराच नंतर. जगात काही बिघडलं तर ते कुणीतरी बिघडवलेलं असतं, हे मी शाळेत जाण्यापूर्वीच शिकले होते. कॉम्प्युटर मंद आहे म्हणजे तो कुणीतरी मंद केलेला आहे. कुणी? ज्याला नवा विकायचा आहे त्यानं. हे मत मी आजही सोडलेलं नाही. पण त्या आठवड्यात जे झालं त्याचं खापर नवा विकणाऱ्यावर फोडता येत नाही, म्हणून ते लिहून ठेवते आहे.

आमचं गाव दिघीहून किनाऱ्याकिनाऱ्यानं थोडं पुढे. हरिहरेश्वराला जाणाऱ्या गाड्या हल्ली आमच्याकडे थांबतात. लोक उतरतात, समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात, सुरमई खातात आणि जातात. या लोकांना गाड्या लावायला जागा हवी म्हणून ग्रामपंचायतीनं ठराव केला की कोळीवाड्याच्या टोकाची मोकळी जागा वाहनतळ करावी. ती जागा मोकळी आहे हे ठरावात लिहिलं होतं. आम्ही तिला खळं म्हणतो. तिथं बांबूंवर बोंबील टांगतात आणि खाली जाळी अंथरून त्यावर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, पसरतात; वाळला की तीच सुकट. चौतीस बायका तिथं मासळी सुकवतात आणि त्यावर चौतीस घरं चालतात. आईची जागा अगदी कडेची, वाऱ्याच्या तोंडावरची. रस्त्यावरून आत वळणारी पहिली गाडी तिच्याच जवळ्यावर उभी राहणार होती.

ठरावाची नोटीस नळपाणी योजनेच्या फलकामागे चिकटवली होती. सोमवारी सकाळी ती कुणाच्या तरी नजरेस पडली. ‘हरकती लेखी स्वरूपात शुक्रवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत द्याव्यात. हरकत न आल्यास संमती आहे असे समजण्यात येईल.’

आई म्हणाली, “आजच लिव आनि देऊन ये. बोंबलाचा मोसम हाय, मला परत परत फिरायला येळ न्हाय.”

“हातानं लिहायचं?”

“मंग काय पायानं?”

मी तिला समजावलं की हातानं लिहिलेला कागद म्हणजे अर्ज असतो, विनवणी असते. छापलेला कागद म्हणजे भूमिका.

“आनि उशिरा पोचलेला कागद म्हंजे काय असतं गो?” आईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टोपली उचलून खळ्याकडे गेली.

बाहेर जाऊन कुठेतरी टाइप करून आणणं हा मार्ग होता, पण तो आमच्या घराला मान्य नव्हता. फार पूर्वी तालुक्याच्या एका छापखान्यानं आमचं पत्रक दाबून ठेवलं आणि मोर्चा संपल्यावर गठ्ठा हवाली केला. तेव्हापासून बाबांचं वाक्य ठरलेलं: “दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून असलेला माणूस दुसऱ्याच्याच मुहूर्तावर जागा होतो.” म्हणून आमच्याकडे कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला. छापखाना आमच्या हातात होता. तो चालत नव्हता, एवढंच.

सोमवारी मी हरकत लिहायला बसले. ‘म’ दाबला. तो आत कुठेतरी जाऊन, कुणाची तरी परवानगी घेऊन, मग पडद्यावर आला. ‘मा. सरपंच’ एवढं उमटेपर्यंत ओहोटी लागली. माझा संताप अनावर झाला. मी वही ओढली आणि हातानं, हो, हातानंच, एक पत्रक लिहून काढलं: ‘मंद यंत्र कुणाच्या फायद्याचं?’ त्यात मी जुनी यंत्रं मुद्दाम निकामी करणाऱ्या कंपन्यांचे वाभाडे काढले. लेख झणझणीत झाला. बाबांनी वाचला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, “हे परिशिष्ट म्हणून हरकतीला जोड.” जिला जोडायचं ती हरकत अजून ‘मा. सरपंच’ याच्या पुढे सरकली नव्हती, याकडे आम्हा दोघांचंही लक्ष गेलं नाही.

मंगळवारी मी कृतीवर आले. कॉम्प्युटरचा वेग वाढवून देणारे प्रोग्राम इंटरनेटवर फुकट मिळतात असं कळलं. ‘एका क्लिकमध्ये तिप्पट वेग!’ हे वाक्य उद्गारचिन्हासकट असल्यामुळे मला ते आपल्यातलंच वाटलं. पहिला प्रोग्राम उतरवला. त्यानं यंत्रात शेकडो दोष दाखवले आणि ते दूर करायला पैसे मागितले. मी तत्त्व म्हणून नकार दिला. दुसरा उतरवला. त्यानं सांगितलं की तुमच्या यंत्रातला सगळ्यात मोठा दोष म्हणजे पहिला प्रोग्राम. तिसऱ्यानं पहिल्या दोघांविरुद्ध तक्रार केली. संध्याकाळी चौथा आला आणि कोपऱ्यात लाल त्रिकोण लावून बसला.

खरं सांगायचं तर मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. आमच्या संघर्ष समितीत काम रेंगाळलं की कामाला गती देण्यासाठी आम्ही उपसमिती नेमतो. उपसमितीच्या बैठका होत नाहीत म्हणून त्यावर निमंत्रक नेमतो. निमंत्रकाला आठवण करून द्यायला मी असते. त्याच पद्धतीनं कॉम्प्युटर चालू आहे असं समजून मी वाट बघत राहिले. त्या दिवशी आईनं भात करून, कालवण करून, वाल सोलून, भांडी घासून आत डोकावून पाहिलं. पडदा काळाच होता.

“मेला काय गो तो?”

“सुरू होतोय.”

“व्हय. माझं लगीन झालं तवापासून ही जेटी पन सुरूच होत होती.”

बुधवारी वहिनी आली. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ बोटीवर असतो आणि ती ग्रामपंचायतीत ऑनलाइन दाखले देण्याच्या खिडकीवर बसते. माहेर किहीमचं, बोलणं स्वच्छ, आणि कॉम्प्युटरवर बोटं अशी चालतात की खिडकीबाहेरची रांग पुढे सरकताना दिसते. पण ती ग्रामपंचायतीत, म्हणजे माझ्या लेखी शत्रूच्या गोटात. म्हणून सोमवारपासून मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. ती आपली सुकटीचा डबा परत द्यायला आली होती.

“वन्सं, याला काय घातलंय हे?” तिनं कॉम्प्युटरच्या खोक्याकडे बोट दाखवलं.

“कव्हर.”

ते कव्हर आईनं भावाच्या जुन्या रेनकोटातून शिवलं होतं. आमच्याकडे खारी हवा लोखंड खाते. दाराची बिजागरी, सायकलची साखळी, सिलिंडरचं बूड, काही सोडत नाही. म्हणून यंत्र घरात आलं त्याच आठवड्यात त्याला चारी बाजूंनी घट्ट कव्हर बसलं. बटणापुरती एक चीर, वायरींपुरतं एक भोक. ते कधीच निघत नसे, चालू असतानाही नाही. बाबांचं म्हणणं असं की यंत्र चालू असतं तेव्हाच ते जास्त धोक्यात असतं.

वहिनीनं वरून हात लावला आणि चटकन मागे घेतला. “चहा ठेवा यावर. अहो, भर दुपारी माणसाला रेनकोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून खळ्यावर पळायला सांगितलं तर तो काय करील?”

“आंदोलन,” मी म्हटलं.

“त्याच्या आधी हळू पळेल. हा तेच करतोय. जळून जाऊ नये म्हणून स्वतःच हळू चालतोय बिचारा.”

तिनं कव्हर काढलं. मागच्या जाळीवर धाग्यांचं, केसांचं आणि खारटाण धुळीचं एक आख्खं पांघरूण बसलं होतं. बाबांचा फलक रंगवायचा ब्रश घेऊन तिनं ते झाडलं. मग पडद्यासमोर बसली. माझे चारही वेग वाढवणारे बघून ती इतकी हसली की आई खळ्यावरून परत येताना दारातच थांबली. “हे चौघं सकाळी उठल्याबरोबर एकमेकांवर पाळत ठेवायला बसतात. काम करायला मागे कोण उरलं?” चौघांना तिनं दोन मिनिटांत घालवलं.

नंतर तिनं अक्षरांचे साचे, म्हणजे फॉन्ट, उघडले आणि हसायची थांबली. यादी खाली सरकत राहिली, सरकतच राहिली. मराठी छापणाऱ्यांचं जुनं दुखणं आहे ते. प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट वेगळा, आणि एकाचं पत्रक दुसऱ्याच्या यंत्रावर उघडलं की ‘जागे व्हा’च्या जागी नुसते किडे-मुंग्या. घरचा छापखाना आल्यावरही मोठा गठ्ठा छापायचा झाला की आम्ही बाहेर जायचोच. तत्त्वाला तेवढी फट होती. त्या प्रत्येक छापखान्याचा सगळा गठ्ठा आम्ही आपल्या यंत्रात बसवला होता.

“हजारावर आहेत. सुरू होताना हा सगळ्यांना हाक मारतो. यातले वापरता किती?”

“एक.”

“आणि हे काय?”

हे म्हणजे मसुदे. आमच्या समितीत पत्रक मोठ्यानं वाचतात आणि प्रत्येक जण दुरुस्ती सुचवतो. कुणाचीही दुरुस्ती दुसऱ्याच्या दुरुस्तीवर चढवायची नाही, हा आमचा लोकशाहीचा दंडक. म्हणून प्रत्येकाचा मसुदा वेगळा जपायचा. पडद्यावर ते सगळे दाटीवाटीनं उभे होते: जेटी_अंतिम, जेटी_अंतिम_गुरुजी, जेटी_खरंच_अंतिम, जेटी_अंतिम_सगळ्यांना_मान्य_तांडेल_सोडून. डिस्क शेवटच्या दाण्यापर्यंत भरली होती.

वहिनी म्हणाली, “एका तासाचं काम आहे. मसुदे पेनड्राइव्हवर टाकू, फॉन्ट काढू. उद्या सकाळी हरकत टाइप करा, दुपारी देऊन मोकळ्या व्हा.”

इथं मी खरी चूक केली. वेग, कंपन्या, खारी हवा, सगळे बाजूला राहिले. मी ताठ बसून म्हटलं, “ही सामूहिक मालमत्ता आहे. समितीत ठराव झाल्याशिवाय मला काही काढता येणार नाही.”

वहिनीनं खुर्ची मागे सरकवली. “फॉन्टची ग्रामसभा घेणार?”

घेतली. गुरुवारी दुपारी आमच्या पडवीत बैठक बसली. बाबा अध्यक्ष. गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, भाषेचे जाणकार म्हणून. एका बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, दर्यावरच्यांचे प्रतिनिधी म्हणून. मी चिटणीस. वहिनी स्टुलावर पेनड्राइव्ह हातात घेऊन, मताचा अधिकार नसलेली तज्ज्ञ म्हणून.

गुरुजींनी पहिल्याच फॉन्टला हात वर केला. “या अक्षरात आपण जेटीचं पत्रक काढलं होतं. जेटी झाली की नाही?”

“झाली.”

“मग? विजयी अक्षर काढून टाकायचं?”

पुढचा फॉन्ट दाखवल्यावर बाबा म्हणाले, या अक्षरात पराभव झाला होता, पण पराभवाचा इतिहास पुसणं हे सत्ताधाऱ्यांचं काम, आपलं नव्हे. तांडेलांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “जालं फाटलं म्हनून कुनी फेकतं काय? तुकडा कापून ठेवायचा. कधी ना कधी कामाला येतो.”

“काका, हे तुकडे जागा खातात,” वहिनी म्हणाली.

“मंग जागा वाढवा की.”

वहिनीनं सांगितलं की नवी डिस्क टाकली तर ते होईल, पण ती मागवावी लागेल आणि उद्या शुक्रवार आहे. गुरुजींनी शुक्रवारचा उल्लेख कामकाजातून वगळावा अशी सूचना मांडली, कारण तारखेच्या दडपणाखाली घेतलेले निर्णय टिकत नाहीत. मी ती नोंदवली. मीच नोंदवली, माझ्या हस्ताक्षरात आहे. शेवटी ठराव असा झाला की ऐतिहासिक फॉन्ट जपावेत, बिगरऐतिहासिक काढावेत, आणि कोणता कोणत्या वर्गात बसतो हे ठरवायला दोघांची उपसमिती नेमावी. मसुदे हलवायला परवानगी मिळाली, पण एकेकाचं नाव मोठ्यानं वाचून. ‘जेटी_अंतिम_चार’पर्यंत वाचन झालं तेव्हा वहिनी उठली. “मला दाखले द्यायचे आहेत. लोकांचे,” असं म्हणून पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून गेली.

पाचच्या सुमारास आई खळ्यावरून आली. डोक्यावर टोपली, पायांना वाळू. पडवीत रिकामे कप बघून तिनं विचारलं, “झालं?”

“ठराव झाला,” मी म्हटलं.

“हरकत?”

“उद्या.”

आईनं टोपली उतरवली. आवाज चढवला नाही. “माझ्या जागेवर गाडी लागंल ना, तवा तिच्या टायराला वाचून दाखव तुझा ठराव.”

त्या वाक्यानं जे काम केलं ते चारही प्रोग्रामना जमलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा बिनठरावाचं काम केलं. सगळे मसुदे एकदम उचलून पेनड्राइव्हवर टाकले. एक सोडून सगळे फॉन्ट काढले, विजयी आणि पराभूत दोन्ही. कव्हर खुंटीला टांगलं. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. आईनं सवयीनं आधण ठेवलं होतं. ती तांदूळ धुवायला वळली तोवर पडदा उजळला. “हे काय, शिजूनपन दिलं न्हाय,” ती म्हणाली, आणि तक्रार कुणाची करावी हे न कळून तांदूळ हातात घेऊन उभी राहिली.

आता ‘म’ दाबला की ‘म’ येत होता. हा अनुभव मला नवा होता आणि तो मला झेपला नाही. अक्षरं जितक्या लवकर येत होती तितके मला विचार सुचत होते. इतकी वर्षं त्या यंत्रानं वाचकांवर किती उपकार केले होते ते मला त्या सकाळी कळायला हवं होतं. मी लिहीत सुटले. किनारपट्टीचा इतिहास, पर्यटनाचं राजकारण, चारचाकीची मानसिकता. दीड वाजता नऊ पानं तयार झाली. परिशिष्ट वेगळं.

दोन वाजता वहिनी जेवायला आली. तिनं घास हातात धरून वाचायला सुरुवात केली. “खळं सहाव्या पानावर येतंय.”

“त्याआधी पार्श्वभूमी आहे.”

“वन्सं, नोंद माझ्या शेजारच्या टेबलावर होते. मी रोज बघते. कोण, जागा कुठली, कधीपासून वापरता, काय नुकसान होईल, सही. बाकीचं कुणी वाचत नाही. आणि सगळ्यांची मिळून एक दिलीत तर ती एकच हरकत धरतात. चौतीस जणींची पाहिजे तर चौतीस कागद.”

हे तिला सोमवारी विचारलं असतं तर सोमवारीच कळलं असतं. पण सोमवारी ती शत्रूच्या गोटात होती.

नऊ पानांच्या सात ओळी केल्या. एकेक ओळ कापताना मला कुणीतरी सेन्सॉर करत असल्यासारखं वाटत होतं आणि तो कुणीतरी मीच होते. बाबांनी ‘भांडवली’ हा शब्द एकदा तरी राहू द्या म्हणून सांगून पाहिलं. गुरुजी आले आणि ‘विनंती’ की ‘मागणी’ यावर वीस मिनिटं गेली. ‘मागणी’ ठरलं. प्रिंटर सुरू झाला तेव्हा चार वाजायला आले होते.

आईनं खळ्यावरच्या बायकांना बोलावून आणलं होतं. हात धुऊन, पदराला पुसून त्या एकेक करून टेबलाशी येत होत्या. नाव टाइप करायचं, कागद बाहेर, सही किंवा अंगठा. यंत्र पळत होतं. एक म्हातारी म्हणाली, “एवढंच लिवायचं व्हतं? मला वाटलं तुमचं काय मोठं चाललंय.” सगळ्या हसल्या. मी मान वर केली नाही.

मी आईचं नाव आधी टाइप करायला घेतलं तर तिनं हात धरला. “आधी बाकीच्यांचं कर. माझं घरचंच हाय, शेवटाला.” आमच्याकडे लग्नाकार्यात घरच्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात. पंगत आमच्या घरी होती, म्हणून तिचा कागद चौतिसावा.

तो निघाला तेव्हा पाचला अठरा मिनिटं होती. ग्रामपंचायत दहा मिनिटांवर. आम्ही सगळ्या जवळजवळ पळतच गेलो. नोंदणीच्या टेबलावरच्या कारकुनानं पहिला कागद हातात घेतला आणि मला समोर चौतीस बायका, एक अधिकारपद आणि एक टेबल दिसलं. असा योग माझ्या घराण्यात वाया घालवत नाहीत. नोटीस फलकामागे का लपवली, याचा जाब मी खड्या आवाजात विचारला. चार मिनिटं विचारला. मुद्दे बिनतोड होते. कारकून पेन धरून ऐकत होता, आणि ऐकताना त्याला शिक्का मारता येत नव्हता. पलीकडच्या खिडकीतून वहिनी मला हातवारे करत होती. मला वाटलं, ती मला पाठिंबा देते आहे.

शिक्के सुरू झाले. तेहेतिसावा कागद नोंदला आणि कारकुनानं वहीत पट्टी ठेवून लाल रेघ ओढली. पाच वाजले होते.

“एक राहिलाय,” मी म्हटलं.

“पाचपर्यंतच होतं, ताई.”

“आम्ही पाचच्या आत दारात होतो!”

“होतात की. बोलत होतात,” तो म्हणाला. तो उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं.

आईनं टेबलावरून आपला कागद उचलला, घडी केली आणि कमरेला खोचला. “तेहेतीस झाल्या ना? चला, जवला उचलायचा हाय.” परतीच्या वाटेवर ती बाकीच्या बायकांशी बोंबलाच्या भावाबद्दल बोलत होती. मी सगळ्यांच्या मागून चालत होते, आणि मला ती जागा योग्य वाटली.

पुढे सुनावणी झाली. तालुक्याहून अधिकारी आले होते. ज्यांची हरकत नोंदली आहे त्यांनाच बोलता येईल, असं सुरुवातीलाच जाहीर झालं. आई मागच्या बाकावर तोंड मिटून बसली. तेहेतीस बायकांनी तेच सांगितलं: जागा आमची, वर्षानुवर्षांची, मोकळी नाही. सरपंच म्हणाले, कडेची जागा तरी मोकळीच आहे, तिच्याबद्दल एकही हरकत नाही, निदान तिथं गाड्या लावू. कागदोपत्री ते खरं होतं. कडेची जागा आईची होती. अधिकाऱ्यांनी जागा प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं.

पाहणीच्या दिवशी मी तयारीनं गेले. नऊ पानं परिशिष्टासकट फायलीत घातली होती. उन्हाचा चटका होता, आणि खळ्यावर एक वीतभर जागा रिकामी नव्हती. अधिकाऱ्यांची गाडी रस्त्यावरून वळली ती थेट कडेला आली. ड्रायव्हरला तिथं उभी करायची होती. समोर गुलाबी जवळा पसरलेला आणि मधोमध आई उकिडवी बसून तो हातानं परतत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आईनं मान वर केली नाही. दुसऱ्यांदा दिला. मग गाडी मागे घेऊन रस्त्यावर लावावी लागली आणि साहेब, सरपंच, कारकून चालत आले.

साहेबांनी पाय टाकला तसा आईचा आवाज आला, “साहेब, पाय बाजूला. खायचं हाय ते.”

साहेब एका पायावर थांबले. मागून येणारे सरपंच त्यांच्यावर आदळता आदळता राहिले. कारकून हळूच म्हणाला, “सर, यांची हरकत नोंदलेली नाही.”

साहेबांनी उचललेल्या बुटाकडे बघितलं, खालच्या जवळ्याकडे बघितलं. “ही नोंदलेली नाही?” त्यांनी विचारलं. मग बूट मागे घेतला, आणि तिघंही जाळ्याच्या कडेकडेनं, एकामागोमाग एक, हात पसरून तोल सांभाळत पलीकडे गेले. तिथं उभं राहून साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मान लांब करून वाचलं: ‘कडेची जागाही वापरात आढळली.’ माझ्या नऊ पानांत हे वाक्य कुठेच नव्हतं.

निर्णय अजून यायचा आहे, आणि तो कोणत्याही बाजूनं येऊ शकतो. पण साहेब निघायच्या आत सगळी भूमिका त्यांच्या कानावर पडावी म्हणून मी फाईल उघडून पुढे झाले आणि मुद्दा क्रमांक चार वाचायला सुरुवात केली.

“तू पन सरक गो तिकडं,” आई खालून म्हणाली. “तुझी सावली पडते सुकटीवर.”

मी सरकले.